रोज पन्नास मिनिटं उशिरा

आडबंदरात आपल्याइतकी हुशार मुलगी दुसरी नाही, असं जुवेरिया तांडेलचं ठाम मत होतं. आणि गंमत म्हणजे गावात कोणाची त्याला हरकत नव्हती. पंधरा वर्षांची पोर, पण जेटीवरचं बंद पडलेलं बर्फाचं मशीन तिने सुरू करून दाखवलं होतं. फुफीचा, म्हणजे आत्याचा, रेडिओ मात्र दुरुस्त करता करता कायमचा मारला होता. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, कारण विषय निघाला की नफीसाफुफी पुढचे दोन तास एकटीच बोले.

म्हणूनच घरच्या भिंतीवरच्या पडद्यावर तो आकडा उमटला तेव्हा जुवेरियाला वाटलं, कोणीतरी भर वर्गात आपल्या कानाखाली वाजवली.

चोपन्न.

"शंभरातले?" फुफीने बांगड्याचं पोट फाडता फाडता विचारलं.

"शंभरातले! मला नव्वद आहेत. तुला एक्केचाळीस आणि अब्बांना बत्तीस. तुम्ही दोघांनी मिळून मला बुडवलंत."

"म्हणजे मी तुझ्या बापापेक्षा हुशार," फुफी समाधानाने म्हणाली आणि दुसरा बांगडा उचलला. "रऊफ, ऐकलंस काय रे?"

दारात जाळं विणत बसलेल्या अब्बांनी मान वर केली नाही. पण त्यांच्या मनगटावरचा लाल लुकलुकणारा पट्टा सदऱ्याच्या बाहीखाली हळूच सरकला.

चोपन्न म्हणजे नापास. पास व्हायला सत्तर हवेत. आणि पास झालं तरच विज्ञान निकेतन! घाटावरची ती निवासी शाळा, जिच्या गच्चीवर स्वतःची दुर्बीण आहे, जिथल्या मुली नववीतच उपग्रहाचे भाग जोडतात. लेखी परीक्षेत जुवेरिया जिल्ह्यात पहिली आली होती. पण तिचं घर 'मिसळ-यादी'त होतं, आणि यादीतल्या घरांना लेखी परीक्षा पुरत नसे. त्यांना घराचा 'एकताल गुण'ही लागायचा.

ही यादी एकताल मंडळाची. समाजात पुरेशी न मिसळणारी घरं तिच्यात होती. आडबंदरातली तांडेल, मुकादम, परकार, काझी, सोलकर अशी सगळी घरं यादीत आली, आणि भाटकर, पावसकर, नार्वेकर यांतलं एकही नाही. यादी धर्म बघून केलेली नाही, असं मंडळाच्या पत्रकात पहिल्याच ओळीत ठळक छापलं होतं. इतकं ठळक, की फुफीला ते चष्म्याशिवाय वाचता आलं.

तसं मिसळवण्याचं काम बरीच वर्षं चालू होतं. आधी मोहल्ल्याची पाटी बदलून 'भाग सात' अशी लागली. मग शाळेच्या हजेरीतली 'अवघड' नावं सोपी करायची टूम निघाली आणि जुवेरियाची महिनाभर जुई झाली. फुफी रोज शाळेत जाऊन हेमंत हेडमास्तरांना साऱ्या मुलांसमोर "काय हेमू, जेवलास काय?" असं विचारत राहिली, तेव्हा कुठे ते थांबलं. पण पाटी, हजेरी ही सगळी बाहेरची कामं. पट्टा मात्र थेट मनगटावर आला होता.

*

पट्टे घेऊन आल्या होत्या उन्नती देवस्थळी. मंडळाच्या तालनिरीक्षक. उंच, चष्मेवाल्या, चालताना चपलेत शिरलेली वाळू सारखी झटकणाऱ्या. जेटीमागच्या सरकारी विश्रामगृहात त्यांनी मुक्काम ठोकला होता. मोहल्ल्यातली बाकीची मंडळी त्यांच्याकडे कर्जवसुलीला आलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. जुवेरियाने मात्र त्यांना खुर्ची दिली, स्वतः खाली बसली आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली.

"हा पट्टा मोजतो तरी काय, मॅडम?"

देवस्थळी मॅडमचा चेहराच उजळला. इतक्या घरांत फिरल्या, पण हे कोणी विचारलंच नव्हतं.

"तुझ्या डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका आहे. ते तुझं घड्याळ. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला की ते घड्याळ लागतं. मग त्याच्या हुकमाने अंग तापतं, निवतं, भूक लागते, झोप येते. पट्टा तुझ्या त्वचेचं तापमान, नाडी, झोप बघतो आणि तुझ्या दिवसाची एक रेषा काढतो. लाटेसारखी, वर जाते आणि खाली येते."

"आणि गुण कसले?"

"सांगते ना. एकाच वेळी उठणाऱ्या, एकाच वेळी जेवणाऱ्या माणसांच्या या लाटा एकमेकींवर बसतात. आणि ज्यांच्या लाटा जुळतात, ती माणसं एकमेकांवर जास्त विश्वास ठेवतात, असं आमच्या प्रयोगांत दिसलं. अनोळखी असली तरी! म्हणून मंडळाला वाटतं, की सगळ्यांची घड्याळं एकत्र लावली, तर माणसंही एकत्र येतील."

"कोणाच्या लाटेशी जुळवायचं?"

"आदर्श रेषेशी. राजधानीतल्या दहा हजार लोकांची सरासरी आहे ती."

जुवेरियाने भराभर वहीत टिपून घेतलं. आपण आत्ता किती मोलाचा प्रश्न विचारलाय, हे तिला तेव्हा कळलं नाही. हुशार माणसांचंही असं होतं.

मॅडमनी छताला मंडळाचा दिवा टांगला. तो सकाळी साडेसहाला निळापांढरा पेटायचा आणि रात्री दहाला तांबूस होत विझायचा, म्हणजे घड्याळ आपोआप सरळ व्हावं. "आणि हो," निघताना त्या म्हणाल्या, "पट्टा माणसाच्या दिवसाची चाल शिकतो. दुसऱ्या कोणी घातला तर त्याला कळतं. तेव्हा तसलं काही करू नका. पहिले दहा दिवस सरावाचे, पुढचे तीस मोजायचे."

फुफी दिव्याकडे बघत म्हणाली, "कोंबड्यांना लावतात तसला हाय. अंडी द्यायची काय आता आम्ही?"

*

अब्बांचे बत्तीस का, हे सांगायला मंडळाची गरज नव्हती. आडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. भरती असेल तेव्हाच होडी त्यावरून आत-बाहेर जाते. आणि भरती चंद्राची चाकर. चंद्र रोज पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज पन्नास मिनिटं उशिरा. आज पहाटे चारला निघालेला तांडेल उद्या चार पन्नासला निघणार, परवा पाच चाळीसला. राजधानीतल्या दहा हजार लोकांची लाट जागच्या जागी उभी, आणि अब्बांची लाट रोज थोडी पुढे सरकणारी. जुळणार कशी?

सरावाचे दिवस संपून चोपन्न आले त्या संध्याकाळी अब्बा पाठीमागच्या भाटकरांच्या घरी गेले. सदूकाका भाटकर आणि अब्बा 'दर्यादौलत' होडीचे भागीदार. सुकाणू अब्बांचं, जाळी सदूकाकांची, आणि हे वीस वर्षं असंच चालत आलेलं.

परत आल्यावर अब्बा एवढंच म्हणाले, "महिनाभर सुकाणू सदू धरेल."

"आणि तुम्ही?"

"मी साडेसहाला उठेन, एकला जेवेन, दहाला झोपेन. साहेबासारखा." ते हसले. "माझ्या पोरीला दुर्बीण बघायचीय. एक महिना दर्या वाट बघेल."

जुवेरियाने आनंदाने त्यांना मिठी मारली. खरंच मारली, आणि त्याची तिला नंतर फार लाज वाटली.

कारण अब्बांनी शब्द पाळला. पट्टा हिरवा झाला. पण होडी निघायची वेळ झाली की ते खिडकीशी जाऊन उभे राहत. सदूकाका दांडा ओलांडत असत, आणि इकडे अब्बांचा हात खिडकीच्या चौकटीवर आपोआप वळत असे. थोडा डावीकडे, मग थांब, मग उजवीकडे. होडी सुखरूप पार झाली की हात सुटायचा आणि नुसता लोंबत राहायचा.

अब्बांनी होडी सोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी चांद दिसला आणि रमजान लागला.

"मी यंदा रोजे धरणार नाही," जुवेरियाने फुफीला सांगितलं. कित्येक दिवस हे वाक्य ती आरशासमोर घोकत होती. "पहाटे सहरीच्या जेवणाला उठलं की माझे गुण जातील. नंतर कजा करेन, फुफी. सगळे तीस भरून काढेन."

फुफी बोलेल, रडेल, चिडेल असं तिला वाटलं होतं. फुफीने फक्त तिचा शाळेचा डबा घासायला घेतला. अम्मी गेल्यापासून, म्हणजे जुवेरिया तीन वर्षांची होती तेव्हापासून, हा डबा फुफीच भरत होती. रमजानचे पहिले सात दिवस स्वतः रोजा धरून, पाण्याचा थेंबही न पिता, फुफीने रोज सकाळी जुवेरियासाठी आणि एकला जेवणाऱ्या अब्बांसाठी भात-आमटी रांधली. आणि मीठ? रोजेदार बाई मीठ चाखणार कशी? ती सोय जुनी होती. फुफी मागच्या भिंतीवर लाटणं आपटायची, आणि सदूकाकांची बायको शेवंताकाकी चमचा घेऊनच हजर व्हायची.

तांडेलांचं घर मोहल्ल्यातलं शेवटचं, भाटकरांचं खारवीवाडीतलं पहिलं, आणि मध्ये एकच भिंत. मंडळाच्या यादीची हद्द बरोबर त्या भिंतीतून जात होती.

"जरा कमी हाय," शेवंताकाकी चाखून सांगायची.

"तुला दर वर्षी कमीच लागतं. तुझ्या जिभेला पट्टा बांधायला हवा," फुफी म्हणायची आणि चिमूटभर मीठ वाढवायची.

*

आठव्या रोज्याला ती भन्नाट कल्पना निघाली. अर्थात फुफीच्या डोक्यातून. तिचे गुण तीसवर घसरले होते. सहरीला उठणं होतंच. शिवाय ती आणि शेवंताकाकी दोघी जेटीवर मच्छीचा लिलाव घ्यायच्या, आणि होडी येईल ती लिलावाची वेळ.

"शेवंते," फुफी भिंतीजवळ तोंड नेऊन कुजबुजली, आणि ती कुजबुज अर्ध्या वाडीला ऐकू गेली, "तू यादीत नायस ना?"

"नाय."

"म्हणजे तुझा ताल झकास असणार. सरकार उगाच कुणाला यादीबाहेर ठेवतं काय? आठ दिवस माझा पट्टा तू घाल. पोरीला पाच-पन्नास गुण मिळवून दे."

जुवेरियाने आधी विरोध केला. पट्ट्याला कळेल, लाल दिवा लागेल, आपण पकडले जाऊ! मग तिच्याही डोक्यात हिशोब फिरला. काकीला ऐंशी जरी पडले तरी घर आरामात पास. यादीत नाही म्हणजे ऐंशी तरी असणारच की! आडबंदरातली सर्वांत हुशार मुलगी, आणि तिनेही यादीवर विश्वास ठेवला.

शेवंताकाकीने पट्टा असा मिरवला, जणू सोन्याचा गोठ. लुगड्याच्या पदराखालून तो मुद्दाम बाहेर डोकावायचा. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लाल दिवा लागला नाही. आठव्या दिवशी जुवेरियाने देवाचं नाव घेत आकडा उघडला.

एकोणतीस.

"माझे तीस होते!" फुफी ओरडली. "शेवंते, तू मला पण खाली खेचलंस! करतेस तरी काय दिवसभर?"

"मी काय करते?" काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीस वर्षं पहाटे उठून भिंतीवर वरवंटा आपटते, कारण तू मेली कुंभकर्ण! तुझी सहरी चुकू नये म्हणून माझी झोप मोडते. तुझ्याबरोबर भर लिलावात उभी राहते. तू उपाशी म्हणून दुपारचा घास मलाही गोड लागत नाय, तो मी पण संध्याकाळीच खाते. आणि वर विचारते, करतेस काय!"

तीस वर्षांत ही दुपारच्या घासाची गोष्ट फुफीला कोणी सांगितली नव्हती.

"तू... दुपारी जेवत नायस?"

"रमजानात नाय," काकी एकदम पडल्या आवाजात म्हणाली. "त्यात काय सांगायचं?"

त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आणि जुवेरिया पडद्याकडे.

पट्ट्याने पंधरा दिवसांची रेषा काढली होती. पहिले सात दिवस फुफी, पुढचे आठ दिवस काकी. जुवेरियाने बोट ठेवून सांधा शोधला. कुठे संपली फुफी आणि कुठे लागली काकी? लिलावाचा उंचवटा रोज पन्नास मिनिटं पुढे सरकत होता, पहाटे सहरीचं तेच टोक, संध्याकाळी तोच चढ. सांधा नव्हताच! माणसाच्या दिवसाची चाल ओळखणारं यंत्र, आणि त्याला हात बदलल्याचं कळलंच नव्हतं.

तिने वही ओढली. लिलावाची रोजची पन्नास मिनिटं वजा केली, फुफीचा आठवडा काकीच्या आठवड्यावर ठेवला आणि मंडळाच्याच सूत्राने गुण काढले. फक्त आदर्श रेषेच्या जागी शेजारीण घातली.

चौऱ्याण्णव.

कोणाच्या लाटेशी जुळवायचं, हा प्रश्न तिने पहिल्याच दिवशी विचारला होता, आणि उत्तर मिळाल्यावर शहाण्या मुलीसारखी मान डोलावली होती! विश्वास शेजाऱ्यावर ठेवायचा असतो. मग लाट राजधानीशी कशाला जुळवायची?

*

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण जुवेरियाचं घर आता पास होत होतं.

एकोणचाळिसाव्या दिवशी हिशोब असा होता: अब्बा एकोणनव्वद, जुवेरिया त्र्याण्णव, फुफी तीस. सरासरी सत्तर आणि वर थोडं. काठावर का होईना, पास! उद्या शाळेच्या सभागृहात पडताळणी. जायचं, सही करायची, आणि जूनमध्ये दुर्बीण. वहीतला तो चौऱ्याण्णव कोणाला दाखवायची गरजच नव्हती. दाखवला तर पट्टा बदलल्याचं कबूल करावं लागणार, आणि मग अर्ज बाद.

प्रवेशपत्राचं दुसरं पान तिने तेव्हाच पहिल्यांदा नीट वाचलं. बारीक अक्षरात होतं ते. विद्यार्थिनी शाळेत असेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, घराचा एकताल गुण सत्तरच्या खाली जाता कामा नये.

तीन वर्षं. तिने खिडकीकडे बघितलं. अब्बा उभे होते. सदूकाका दांड्यावर होते. अब्बांचा हात चौकटीवर वळला. डावीकडे, मग थांब.

"अब्बा, तुम्ही दुसरं पान वाचलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तीन वर्षं काय, अशी जातील." त्यांनी चुटकी वाजवायचा प्रयत्न केला. ती वाजली नाही. रोज दोर ओढणारे हात महिनाभर रिकामे राहिले होते, ते कसे मऊ पडले होते!

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवर वरवंटा वाजला. ठक, ठक, ठक. महिनाभर जुवेरिया तो ऐकून कुशीवर वळत होती. आज ती उठली. चुलीजवळ फुफी एकटीच भाकरी मोडत बसली होती.

"झोप जा, गुण जातील," फुफी म्हणाली.

"जाऊ देत. सरक जरा."

फुफी सरकली. तिने आपल्या ताटलीतलं तांदळाचं मऊ खिमट अर्धं करून पुढे ढकललं. जुवेरियाच्या मनगटावरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

*

सभागृहात देवस्थळी मॅडमनी कागद पुढे केला. "अभिनंदन, जुवेरिया. सत्तर पूर्णांक चार. इथे सही."

जुवेरियाने वही कागदावर ठेवली. आणि मग सगळं सांगून टाकलं. पट्टा, काकी, एकोणतीस, नसलेला सांधा, चौऱ्याण्णव. आकडे आले तसा तिचा आवाज चढत गेला. आलेख समजावताना तर ती विसरूनच गेली की आपण गुन्हा कबूल करतोय.

मॅडमनी वही उलटसुलट बघितली.

"सही करून मोकळी झाली असतीस. मला हे का दाखवलंस?"

"मॅडम, सूत्र बरोबर आहे, पण मोजताय चुकीच्या माणसाशी. हे कळल्यावर सही कशी करू? विज्ञान निकेतनात हेच शिकवतात ना?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. फुफी आणि शेवंताकाकी, दोघी लिलावातून तशाच आलेल्या, हातांना मच्छीचा वास.

"पट्टा मी दिला, पोरीचा काय दोष नाय," फुफी म्हणाली.

"आणि घातला मी," काकी म्हणाली. "आता मला माझा वेगळा पट्टा द्या."

"तुम्ही यादीत नाही, मावशी."

"का नाय? हिला तीस, मला एकोणतीस! बेतालात मी हिच्यापेक्षा पहिली. वाडीतली सगळी घरं तशीच. आमची नावं लिवा, नायतर ह्यांची खोडा. आमच्या घराची एक भिंत यादीत आणि तीन भिंती बाहेर, हा कुठला हिशोब?"

मॅडमना हसू आवरेना. त्या चष्मा पुसायला लागल्या, तशी त्यांची बाही वर सरकली. जुवेरियाचे डोळे चमकले.

"मॅडम, तुमचाही पट्टा पिवळा आहे!"

मॅडमनी बाही खाली ओढली. मग सोडून दिली. "चाळीस दिवस जेटीमागे राहतेय. होडी आली की तुमचा लिलाव, तो संपला की यांचा वरवंटा. विश्रामगृहापर्यंत ऐकू येतो! परवा राजधानीहून विचारणा आली की मॅडम, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मग आमच्यावर विश्वास बसायला लागला असेल," जुवेरिया पटकन बोलून गेली आणि जीभ चावली.

मॅडमनी अर्ज घेतला आणि त्यावर शिक्का मारला: बाद. नियम तो नियम, पट्टा बदलला होता. जुवेरियाला वाटलं होतं की आपण रडणार नाही, पण ते खोटं निघालं.

"ही वही मी एक दिवस ठेवून घेते," मॅडम म्हणाल्या. "माझ्या अहवालात जोडायला. वर पाठवल्यावर काय होईल, मला ठाऊक नाही. कदाचित माझीच बदली होईल." त्यांनी वही पिशवीत ठेवली. "आणि ऐक. निकेतनाची एक खुली परीक्षाही असते, मार्चमध्ये. साऱ्या राज्यातून अकरा जागा. कठीण आहे, पण तिथे घराचे गुण विचारत नाहीत. नुसते मुलीचे विचारतात."

"अकरा?" जुवेरियाने नाक पुसलं. "मग बाकीच्या दहा कोणाला मिळणार?"

*

त्या दिवशी एकोणतिसावा रोजा होता. जुवेरियाचा पहिला, आणि चांद दिसला तर शेवटचाही. दुपारभर तिच्या पोटात कावळे ओरडत होते आणि फुफी दर अर्ध्या तासाने विचारत होती, "मजा येतेय काय?"

अब्बांना तिने जेटीवर गाठून सगळं सांगितलं होतं. ते ऐकत राहिले. रागावले नाहीत, आनंदलेही नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ही दुर्बीण मी तुझ्यासाठी जपून ठेवली होती, आणि तू ती माझ्यासाठी टाकून आलीस."

"टाकली नाही, अब्बा. मार्चपर्यंत पुढे ढकललीय."

घरी आल्यावर त्यांनी तिघांचे पट्टे काढून मंडळाच्या दिव्याला लटकवले. तिथे ते तिन्ही हिरवे-पिवळे न होता नुसते लोंबत राहिले.

संध्याकाळी सांदणं वाफेवर चढली आणि कालवणाचा वास भिंत ओलांडून गेला. फुफीने लाटणं आपटलं. काकी चमचा घेऊन आली, चाखलं, जीभ टाळ्याला लावून विचार केला.

"कमी?" फुफीने विचारलं.

"नाय," काकी म्हणाली. "आज बरोबर हाय." मग तिने हळूच पदराआडून ताट काढलं. "मला पण इथेच वाढ. आता लपवून काय उपयोग? तुझ्या पोरीने आलेख काढला माझ्या भुकेचा."

फुफीने काकीला आपल्या शेजारी पाट मांडला. तिला बोलायचं होतं बरंच, ते तिच्या नाकाच्या शेंड्यावर दिसत होतं. पण ती एवढंच म्हणाली, "बस, मेले."

बाहेर जेटीवर गलका झाला. खाडीच्या तोंडावर, दांड्याच्या बरोब्बर वर, नखाएवढा चांद उभा होता. मोहल्ल्यातली पोरं नाचत होती आणि खारवीवाडीतली म्हातारी माणसं कपाळावर आडवा हात धरून बघत होती, कारण चांद असा बारीक असला की भरतीला जोर असतो, मच्छी चांगली लागते. विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर देवस्थळी मॅडम चपलेतली वाळू झटकत उभ्या होत्या. त्यांनी जुवेरियाला हात केला. त्या हातावर पट्टा नव्हता, की लांबून दिसला नाही, हे जुवेरियाला नक्की सांगता आलं नसतं.

ती घरात परतली तेव्हा अब्बा दारात दोर गुंडाळत बसले होते आणि काकी आपल्या घरी गेली होती.

"जुवे," अब्बांनी विचारलं, "ईद झाली की परवा भरती किती वाजता गो?"

आणि नेमक्या त्याच क्षणी भिंतीपलीकडून सदूकाकांचा आवाज आला, "जुवे! परवा भरती किती वाजता गो?"

जुवेरियाने खिडकीतून चंद्राकडे एकदा बघून घेतलं, बोटांवर पन्नास पन्नास मिनिटं मोजली, आणि दोन्ही घरांना एकदमच ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"दीड वाजता!"